ओढ्याकाठची वांगी

दादा, तुम्हाला राग येईल असं एक काम मी केलं आहे. ते दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. मेलेल्या माणसाच्या कानावर काय जातं गं, असं तुम्ही विचाराल आणि विचारताना चष्मा कपाळावर सरकवाल, हे मला इथून दिसतंय. मेल्यावर माणूस उरत नाही, त्याने केलेलं काम तेवढं उरतं, हे तुम्हीच शिकवलंत. मीही ते शाळेत, कॉलेजात आणि नंतर नोकरीच्या ठिकाणी ज्याच्या-त्याच्याशी भांडून सांगत आले. पण काम उरतं म्हणजे नेमकं काय उरतं आणि ते कुठे कुठे जाऊन उगवतं, हे सांगायला तुम्ही थांबला नाहीत. ते निस्तरायला मी मागे राहिले.

इगतपुरीच्या घरात आता आई आणि मी दोघीच आहोत. स्वयंपाकघर तुम्ही सोडून गेलात तसंच आहे. चुलीच्या जागी गॅस आला, भिंतीला रंग दिला, पण वरची फळी तीच, जिच्यावर तुमचे बियाण्याचे डबे असायचे. सरकारदरबारी तुम्ही कृषी सहाय्यक, तुमचं काम भाताचं. सगळा तालुकाच भाताचा, त्याला सरकार तरी काय करणार. पण तुमचा जीव अडकलेला होता घरामागच्या वीतभर जागेत, परसबागेत. आपल्याकडच्या पावसात चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे बियाणं कुठून कोरडं राहणार? म्हणून वाडीवरच्या बायकांनी हिवाळ्यात धरलेलं वालाचं, भोपळ्याचं, दोडक्याचं बी तुम्ही घरी आणायचात आणि आईच्या चुलीवरच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरून पसरायचात. वारा आला की एखादं बी सरळ फोडणीत. "हे माझं स्वयंपाकघर आहे की तुमचं गोदाम, ते एकदा ठरवा," आई उलथनं हातात घेऊन म्हणायची. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "तुझ्या चुलीइतकी कोरडी जागा अख्ख्या तालुक्यात नाही. तुझं कौतुकच करतोय मी." आईला राग आणि हसू एकदम यायचं आणि मग दोन्ही लपवायला ती भाकरी थापायला बसायची.

रविवारी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून वाडीवर न्यायचात. मागे कॅरिअरला रोपांची पाटी, वरून ओलं गोणपाट. वाडीत शिरल्यावर दुसरा कुठलाही साहेब ओसरीवर खाट टाकायला लावील, चहा मागवील. तुम्ही थेट घरामागे. आधी बघायचं ते न्हाणीचं पाणी कुठे जातंय. तिथे मातीत बोट खुपसून तुम्ही म्हणायचात, "हे पाणी फुकट चाललंय, ह्याला अळू दाखवा." मग न्हाणीपाशी अळू, कुडाच्या कुंपणावर वाल, छपरावर भोपळा आणि ऊन पडतं तिकडे वांगी-मिरची, असं घराघराचं परस तुम्ही ठरवून द्यायचात. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "भाऊसायेब, पुरुष मानूस आसून बायांच्या न्हानीत काय डोकावता वो?" एकीने विचारलं होतं, तेव्हा तुमचे कान लाल झालेले मी पाहिले आहेत. तरी डोकावणं सोडलं नाहीत.

घरात खाऊन उरलेली भाजी बायका इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दारोदार विकायच्या. त्यातही तुमचा एक नियम होता. सगळ्यांच्या पाट्या एकाच जीपमध्ये एकावर एक रचून जायच्या, कोणी एकटीने जायचं नाही. एकटी बाई दारात उभी राहिली की क्वार्टरवाल्या बाया भाव पाडून मागतात, सगळ्या मिळून गेल्या की नाही मागत, हे तुम्ही त्यांना पुन्हा पुन्हा सांगायचात. वाडीवर तुम्ही स्वतः चहा कोणाकडेच घ्यायचा नाहीत, बसायचं तर नाहीच. निघताना सायकलवर टांग टाकून एकदा मागे वळून ओरडायचात, "बियाणं झाकलं का?" घराघरातून "झाकलं, झाकलं" असा आवाज यायचा आणि मगच पॅडल मारायचात. खरं तर निम्म्या जणींनी ते झाकलेलं नसायचं.

वाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, शेंदूर फासलेला एक दगड होता. कोणी झाडावरून पडून, कोणी पान लागून, म्हणजे साप चावून, असं अवेळी गेलेलं माणूस भटकत राहतं, म्हणून त्याच्या नावाने दगड बसवायचा आणि त्याला वीर म्हणायचं, ही तिथली रीत. परसातली पहिली तोड झाली की त्यातलं एक फळ आधी वीरापुढे, मग घरात. मी तेव्हा चौथीत असेन. बायकांनी माझ्या हातात झेंडूचं फूल दिलं आणि मी ते दगडावर ठेवून हात जोडले. परतीच्या वाटेवर चढ आला तेव्हा मला दांडीवरून उतरवलंत आणि सायकल हातात धरून चालता चालता विचारलंत, "काय मागितलंस?"

"पास कर म्हटलं."

"मग गणिताच्या पुस्तकाला हात जोड. दगडाला पाढे येत नाहीत."

मला हसू आलं, तुम्हाला आलं नाही. मी विचारलं, त्या बायका ठेवतात फूल, त्यांना का नाही ओरडत? तुम्ही थांबलात. "त्यांचं त्यांच्यापाशी. मी त्यांना भाजी शिकवायला जातो, अक्कल शिकवायला नाही. पण तू माझी मुलगी आहेस. आपल्या आज्याला ह्याच लोकांच्या देवाने पायरीवर उभं केलं नाही, ते तुला विसरता यायचं नाही." घरी आल्यावर, जेवायला बसण्याआधी, धम्मदीक्षेच्या बावीसच्या बावीस प्रतिज्ञा माझ्याकडून म्हणवून घेतल्यात आणि त्यातली श्राद्ध न करण्याची प्रतिज्ञा दोनदा. भाकरी गार झाली. आईने तुमच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा म्हणवून घ्यायची तुमची हिंमत झाली नसावी.

दहावी झाले तेव्हा शेजारच्या मुलीला तिच्या वडिलांनी मनगटी घड्याळ आणलं आणि मला तुम्ही खुरपं दिलंत. घोटीच्या बाजारातल्या लोहाराकडून करून घेतलेलं, मूठ तासून तासून माझ्या हाताच्या मापाची केलेली. "हे घड्याळापेक्षा जास्त चालेल," म्हणालात. मी पुष्कळ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. मैत्रिणींना काय दाखवणार होते, खुरपं? तुम्हाला माझा रुसवा कळला होता आणि तरी तुम्ही समजूत काढली नाहीत, ह्याचा मला आजही थोडा राग आहे. खुरपं अजून धार धरून आहे.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. श्रावण होता आणि पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. वाडीवर वांग्याची रोपं द्यायचं तुम्ही कबूल केलं होतं. आई म्हणाली, "उद्या जा. एका दिवसाने काय बिघडतं?" तुम्ही प्लॅस्टिकचा घोंगता डोक्यावर ओढत म्हणालात, "रोप थांबत नाही." ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशीपुलावरून पाणी चाललं होतं. तुम्ही पलीकडे थांबलेल्या दोन बायकांना हात केलात, सायकल हातात धरून पाण्यात उतरलात आणि अर्ध्यावर गेल्यावर त्या बायकांना फक्त पाटी दिसली, गोणपाटासकट वाहत चाललेली. सायकल खाली करंजाच्या मुळांत अडकलेली सापडली. तुम्ही त्याच्याही खाली, दुसऱ्या दिवशी. मी तेव्हा कॉलेजला होते. मला तुमचा खूप राग आला, दादा. रडण्याआधी राग आला. वांग्याच्या रोपांसाठी कोणी मरतं का?

पाऊस ओसरल्यावर सायकल आणायला मी मामाबरोबर वाडीवर गेले, तेव्हा ते पाहिलं. फरशीच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून, एका बाईचं परस आहे. नवरा मुंबईकडे कामाला म्हणून गेला तो आलाच नाही, अशी एकटी बाई. तिचं परस तुम्हीच उभं केलं होतं. पुराचं पाणी तिच्या कुंपणापर्यंत येऊन गेलं होतं आणि त्या पाण्याच्या कडेकडेने वांग्याची रोपं उभी होती. तुमच्या पाटीतली. गाळात रुजली होती, ताठ, हिरवीगार, आणि ओळीत. कोणी लावल्यासारखी ओळीत. बायका लांब उभ्या राहून बघत होत्या. "भाऊसायेबांनी लावली," त्यातली एक हळूच म्हणाली. दीड हातावर एक रोप, हे तुमचं माप साऱ्या वाडीला पाठ होतं. दोन रोपांमधलं अंतर मी मोजलं नाही, मोजायचा धीर झाला नाही. ओसरणारं पाणी आपल्या कडेला जे काय असेल ते रेघेत टाकून जातं, काडी-कचरा टाकतं तसंच, हे मला तेव्हाही कळत होतं. मामाला मी तसं सांगितलंही. तो फक्त "चल लवकर" म्हणाला.

त्या वांग्यांना कोणी हात लावला नाही. फळं धरली, मोठी झाली, पिवळी पडली, गळली, त्यांचं बी पुढच्या पावसात तिथेच उगवलं आणि पुन्हा ओळ उभी राहिली. त्या परसात मग दुसरी कसली भाजी लावायलाही ती बाई धजेना. ओढ्याकडून संध्याकाळी आवाज येतो म्हणायची, बियाणं झाकलं का म्हणून. एकीने ऐकला की सगळ्या ऐकतात, ही वाडीची तऱ्हा. भाऊसायेब भटकतोय असं ठरलं.

मी हे ऐकलं तेव्हा हसले नाही आणि का हसले नाही ते कोणाला सांगितलं नाही. तुम्ही संध्याकाळी घरी यायचात तेव्हा मागच्या दाराच्या पायरीवर चपला आपटायचात, चिखल झाडायला. आधी डावी, मग उजवी, आणि मग घसा खाकरायचात. तुम्ही गेल्यावर पहिल्या दिवाळीच्या आसपास मला ते ऐकू आलं. मी भांडी घासत होते. डावी, उजवी, घसा. मी नळ बंद केला, दार उघडलं, पायरी कोरडी होती. त्यानंतर वर्षानुवर्षं, रोज नाही, पण अधूनमधून, दिवेलागणीच्या सुमाराला. मी माझ्या मनाला सांगायची की शेजारच्याची चप्पल असेल, रेल्वेच्या यार्डातला आवाज असेल, कान वाजत असतील. प्रत्येक वेळी असलं एखादं कारण मिळायचं आणि प्रत्येक वेळी मी नळ बंद करायची. आईला ऐकू यायचं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. एवढंच दिसायचं, की काळोख पडून बराच वेळ झाला तरी ती मागच्या दाराला कडी लावत नाही. चोराचिलटाचे दिवस आहेत म्हटलं तर म्हणायची, "लावते गं, काय घाई आहे."

पुढे मीही तुमच्याच वाटेला लागले. एका लहानशा संस्थेत नोकरी मिळाली, काम परसबागांचं. बायकांना बियाणं-रोपं पुरवायची, उरलेली भाजी एकत्र करून बाजारात पोचवायची. तुमच्या वाडीचं नाव निघालं तेव्हा मीच ती मागून घेतली. इतक्या वर्षांनी गेले. टेकडीवर मोबाईलचा टॉवर आला होता, फरशीच्या जागी उंच पूल झाला होता. बायकांनी मला तोंडावरून ओळखलं. "भाऊसायेबाची पोर आली," म्हणून हाक गेली. सगळीकडे तुमची परसं होती, न्हाणीपाशी अळू, कुंपणावर वाल. एक ओढ्याकाठचं सोडून. तिथे गवत माजलं होतं आणि गवतातून ती ओळ.

त्या परसाच्या एकट्या बाईला मी मावशी म्हणू लागले. परस पडीक पडल्यापासून मावशी दर वर्षी टोळीबरोबर निफाडकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची. दिवसभर मांडवाखाली हात वर करून घड विरळायचे. तिचे खांदे गेले होते, पाण्याची कळशी डोक्यावर घेताना तिच्या तोंडून आवाज निघायचा. "यंदा मुकादम नाय म्हनतोय मला," ती म्हणाली. "म्हने, तुझा हात वर जात नाय, तुला नेऊन काय करू?" म्हणजे परस नाही आणि मजुरीही नाही. तिचं परस उभं राहिलं तरच ती घरी राहून दोन घास खाऊ शकत होती. तुम्ही असतात तर त्याच दुपारी गवत काढायला बसला असतात. मी बसले.

ती ओळ मी स्वतः उपटली, वाफे केले, मेथी टाकली, दोडक्याला मांडव घातला. मावशीला गाळाची गोष्ट समजावून सांगितली, ओढ्यात काड्या सोडून कडेला कशी रेघ लागते ते करूनही दाखवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "आसंल तसंबी," ती म्हणाली. "तू शिकल्याली, तू खोटं कशाला सांगशीन? पन पोरी, संध्याकाळी हितं बसून बघ. मंग सांग." मी बसले नाही. मेथी आली, छान आली. आणि बाजाराच्या दिवशी बायकांनी आपल्या पाट्यांजवळ मावशीची पाटी ठेवू दिली नाही. भटकणाऱ्याच्या जागेतली भाजी आमच्या भाजीला लागायला नको, असं म्हणाल्या. तुमचाच नियम ना, सगळ्या पाट्या एकत्र? त्यांनी तो पाळला, फक्त एक पाटी बाहेर काढून. मावशी ती मेथी डोक्यावर घेऊन एकटी क्वार्टर्समध्ये गेली आणि निम्मी परत आणून शेळ्यांपुढे टाकली. दोन-तीन वेळा असं झालं.

मग वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, जिला सगळे आजी म्हणतात, माझ्यापाशी येऊन बसली. "तुझ्या बापाला बशीव," ती म्हणाली. "दगुड आमी आनतो. पन रक्ताचं मानूस लागतं. त्येचा हात लागल्याबिगर त्यो बसायचा नाय. इतकी वर्सं आमी तुजीच वाट बघतोय." मी उठून उभी राहिले. म्हटलं, माझे वडील असलं काही मानत नव्हते, मीही मानत नाही, आणि ज्या माणसाने तुम्हाला आयुष्यभर भाजी लावायला शिकवलं त्याला तुम्ही शेंदूर फासणार? आवाज चढला होता माझा. आजी चंची सोडून सुपारी कातरत बसली. मावशी तेवढी आली माझ्यामागे, पुलापर्यंत. "तू नको येऊस त्यात," ती म्हणाली. "तुमच्यात चालत नाय, मला ठावं हाय. भाऊसायेबाला दुखवून मला परस नको. मी करीन कायबी."

त्यानंतरचे दिवस मी तुमच्याशी भांडण्यात घालवले. स्वयंपाक करताना, एसटीत, ऑफिसात. तुम्ही म्हणायचात, तू माझी मुलगी आहेस. मी म्हणायची, ती बाई उपाशी राहील. तुम्ही म्हणायचात, आज एक दगड बसवशील, उद्या त्याच्यापुढे कोंबडं कापतील. मी म्हणायची, मग तुम्ही का गेलात त्या पाण्यात, तुम्ही गेला नसतात तर दगडाचा प्रश्नच आला नसता. जिवंतपणी मी तुमच्याशी एवढी कधी बोलले नव्हते आणि तुम्ही मला इतकं बोलू दिलं नसतंत. शेवटी माझ्या मनाने असं घेतलं, की परस आणि प्रतिज्ञा ह्यांत एकच काहीतरी वाचणार असेल, तर तुम्ही चिडाल, चष्मा कपाळावर सरकवाल, आणि परस वाचवाल. मी हे माझ्या सोयीचं ठरवलं असेल. विचारायला तुम्ही नव्हतात.

मग एका बुधवारी सकाळी वाडीवर गेले. मी दोन अटी घातल्या, शेंदूर लावायचा नाही आणि काही कापायचं नाही. आजी म्हणाली, "बरं बाई, तुझा बाप, तुझी रीत." दगड त्यांनी जुन्या फरशीच्या खालूनच काढला होता, पाण्याने गुळगुळीत झालेला, चपटा. मावशीच्या परसाच्या कोपऱ्यात, जिथे ती ओळ सुरू व्हायची, तिथे खळगा केला होता. बायका गोल उभ्या राहिल्या, सगळ्या, ज्यांनी पाटी ठेवू दिली नव्हती त्याही. मी दगड उचलला. जड होता. "दोन्ही हातानं," आजी म्हणाली. "आन तोंडानं सांग त्येला. बस म्हनावं आता." मी म्हटलं, ते कशाला? "तुज्याबिगर कोन सांगनार?" ती म्हणाली. तुम्हाला मी उभ्या आयुष्यात कधी काही करायला सांगितलं नव्हतं. मी दगड खळग्यात टेकवला आणि म्हटलं, "दादा, बसा आता." मग मी रडले. तुमच्या वेळी रडले नव्हते एवढी, त्या सगळ्या बायकांच्या मध्ये, मातीत गुडघे टेकून. कोणी मला उठवलं नाही. मावशी माझ्याजवळ उकिडवी बसून राहिली.

पुढच्या बाजाराला तिची पाटी जीपमध्ये सगळ्यांच्या मधोमध होती. आता तिचं परस बघाल तर तुम्हीसुद्धा चार चुका काढून गप्प व्हाल. दोडका आहे, मेथी आहे, मिरची आहे, आणि वांगी, तिने हाताने लावलेली. क्वार्टर्समधल्या बाया तिच्या वांग्यांसाठी थांबून राहतात. यंदा टोळी निफाडला गेली तेव्हा ती तिच्या दारात उभी राहून त्यांना हात करत होती. खांदा अजून दुखतो, पण कळशी उचलताना तोंडातून आवाज निघत नाही. ओढ्याकडूनही आता काही ऐकू येत नाही म्हणते. "बसला बग भाऊसायेब," म्हणते आणि पहिल्या तोडीतलं एक वांगं तुमच्यापुढे ठेवते. मी तिला मना करत नाही. तुम्हाला राग आला असेल तर तो माझ्यावर काढा, तिच्यावर नको.

सांगायचं होतं ते एवढंच, असं म्हणून मी हा कागद संपवणार होते. पण एक राहिलं. त्या बुधवारपासून मागच्या पायरीवर काही वाजत नाही. आधी वाटलं, पावसाच्या आवाजात कळत नसेल. मग पाऊस संपला. थंडी आली, गेली. मी दिवेलागणीला मुद्दाम भांडी घासायला बसते, नळ बारीक सोडते. काही नाही. दगडाचं आईला मी अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती मागच्या दारापाशी गेली आणि तिने कडी लावली. इतक्या लवकर तिने ती कधी लावली नव्हती. मी विचारलं, "आई, आजच का गं?" ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली होती, मान वर न करता म्हणाली, "आता कोण यायचंय?"

मी अजूनही काही मानत नाही, दादा. बावीसच्या बावीस पाठ आहेत, म्हणून दाखवीन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ह्याला पत्ता नाही, आई झोपली की मी ते फाडून कचऱ्यात टाकीन. तरी खरं तेच लिहिते. गेल्या आठवड्यात मावशी जीपबरोबर गेली होती आणि परसात कोणी नव्हतं, तेव्हा मी तुमचा दगड एका बाजूने उचलून पाहिला. खाली ओली माती होती आणि दोन गांडुळं, दुसरं काही नव्हतं. दगड मी पुन्हा टेकवला, पण पुरता नाही. एका कडेखाली दगडाची बारीक चीप सरकवून ठेवली आहे. वरून बघणाऱ्याला कळत नाही, पण बोट जाईल एवढी फट आहे.